मुंबई, व्हाया पोर्ट लुईस

सन २००१ च्या डिसेंबरात सुट्टीवर दादरला गेलो असताना मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिला मोबाईल घेऊन दिला. कंपनी ऑरेंज. मुंबईकरांना आठवत असेल, आधी तिचं नाव मॅक्सटच होतं, मग ऑरेंज झालं, मग हच आणि मग व्होडाफोन. नंबर मात्र तोच राहिला, ९८२० ने सुरू होणारा. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे फोन वाजला की अण्णा आधी घड्याळाकडे बघत आणि मग उचलत.

अण्णांनी चौतीस वर्षं आयकर खात्यात काढली आणि चर्चगेटच्या आयकर भवनातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. मी इथे लंडनमध्ये अकाउंटंट, तोही टॅक्समधला. म्हणजे बाप कर गोळा करणारा आणि मुलगा कर वाचवायला मदत करणारा! आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर काय काय चर्चा झाल्या असतील याची कल्पना आपण करू शकाल.

फेब्रुवारी २००७ मध्ये आपल्या इथल्या न्यूबरीच्या व्होडाफोनने हच विकत घेतल्याची बातमी आली. किंमत सुमारे ११ अब्ज डॉलर. दुसऱ्याच दिवशी अण्णांचा फोन. "पन्नास हजार कोटींच्या आसपास होतात रे. एवढा मोठा व्यवहार झाला, नफ्यावरचा कर कुणी भरला?" मी म्हटलं, "कुणीच नाही, अण्णा. भारतात काही विकलंच गेलेलं नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. मग माझ्या हातात आत्ता जो फोन आहे, तो कुठे आहे?"

यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी इतिहासावर काहीतरी लिहा म्हणून गळ घातली. गडकिल्ल्यांवर आणि पेशव्यांवर लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक मंडळात आहेत. मी आपला अण्णांच्या त्या प्रश्नाचा इतिहास लिहायचं ठरवलं.

आधी व्यवहार समजून घेऊ. हाँगकाँगच्या हचिसन समूहाचा भारतातल्या हचिसन एस्सार या कंपनीत सुमारे ६७ टक्के हितसंबंध होता. पण हे शेअर हचिसनच्या हातात थेट नव्हते. भारतीय कंपनीच्या वर मॉरिशसमधल्या कंपन्या, त्यांच्या वर आणखी कंपन्या, आणि त्या उतरंडीच्या वरच्या बाजूला कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर नोंदलेली सीजीपी नावाची एक कंपनी. तिचा शेअर एकच. व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने तो एक शेअर विकत घेतला. विकणारा परदेशी, घेणारा परदेशी, वस्तू केमनमध्ये. साताऱ्यात वाडा आहे, पण वाड्याचे कागद ज्या पेटीत आहेत ती पेटी परदेशात ठेवलेली आहे, आणि मालक म्हणतो, मी वाडा कुठे विकला, मी तर पेटी विकली! वाड्यात राहणारे भाडेकरू, म्हणजे भारतातले कोट्यवधी फोनधारक, होते तिथेच.

आयकर खात्याने सप्टेंबर २००७ मध्ये नोटीस काढली ती नफा कमावणाऱ्या हचिसनला नव्हे, तर पैसे देणाऱ्या व्होडाफोनला. आपल्या पगारातून कंपनी टीडीएस कापते त्याच न्यायाने, पैसे देतानाच तुम्ही कर कापून घ्यायला हवा होता, असं खात्याचं म्हणणं. १९६१ च्या आयकर कायद्यात भारतात असलेल्या भांडवली मालमत्तेच्या हस्तांतरातून होणारं उत्पन्न करपात्र होतं. प्रश्न एवढाच उरला की मालमत्ता नेमकी कुठे होती. अण्णांचाच प्रश्न, फक्त वकिली भाषेत.

या प्रश्नाची मुळं शोधत गेलं की माणूस लंडनलाच येऊन पोचतो. १९०६ साली इथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीचा निकाल दिला. खाणी दक्षिण आफ्रिकेत, नोंदणी तिथली, पण बहुतेक संचालक लंडनमध्ये आणि महत्त्वाचे निर्णय इथे होत. तेव्हा कंपनी इथलीच, भरा कर, असं लॉर्डांनी ठरवलं. कंपनी कुठली? तर तिचं डोकं जिथे चालतं तिथली. निकाल कर वसूल करणाऱ्यांच्या बाजूचा होता, पण हुशार लोकांनी त्यातून उलटाच धडा घेतला. डोकं जिथे तिथे कंपनी ना? मग डोकंच हलवा! १९२० च्या दशकाच्या अखेरीस इजिप्शियन डेल्टा नावाच्या कंपनीचा खटला आला. ती लंडनमध्ये नोंदलेली, पण कारभार सगळा कैरोहून. लॉर्डांनी सांगितलं, ही इथली रहिवासी नाही. करमुक्त बेटांच्या धंद्याची खरी पायाभरणी या निकालाने झाली असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. तिथून पुढे कंपनीच्या संचालकांनी कुठे बसून चहा प्यायला याला लाखो पौंडांची किंमत आली.

मग १९३५ साली आला ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर आणि त्याच्या माळ्याचा प्रसिद्ध खटला. घरगुती नोकराचा पगार ड्यूकच्या करपात्र उत्पन्नातून वजा होत नसे, पण करारपत्राने बांधून घेतलेली रक्कम वजा होई. म्हणून ड्यूकने माळ्याशी सात वर्षांचं करारपत्र केलं. माळी पूर्वीसारखाच बागेत राबत राहिला, फक्त त्याच्या पगाराचं नाव बदललं. लॉर्डांच्या बहुमताने ड्यूकला जिंकवलं. कर कमी बसेल अशा रीतीने आपले व्यवहार मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि कागदावर जे लिहिलंय तेच खरं धरायचं, असा त्या निकालाचा मथितार्थ. लॉर्ड ॲटकिन एकटे विरोधात गेले. माझ्या धंद्यातली माणसं हा निकाल आरतीसारखा म्हणतात. मीही म्हटला आहे.

भारतात आयकर आणला इंग्रजांनीच, १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढायला, १८६० साली. त्यामुळे इथल्या निकालांची सावली तिकडे पडणारच. १९८५ साली मॅकडॉवेल या मद्य कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेस्टमिन्स्टरच्या भुताला हाकलायचा प्रयत्न केला. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी सडेतोड लिहिलं की, ज्या देशात हे तत्त्व जन्मलं तिथेच ते आता टाकून दिलं जातंय, मग आपण कशाला कवटाळून बसायचं? १९८१ साली रॅमसे नावाच्या खटल्यात इंग्लंडच्या लॉर्डांनी खरोखरच पवित्रा बदलला होता. अण्णा मॅकडॉवेलचा निकाल आला त्या दिवशी पेढे घेऊन घरी आले होते, हे मला नीट आठवतं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पेढे कशाबद्दल हे मला कळलं नव्हतं.

आता मॉरिशस. १९८२ साली भारत आणि मॉरिशसमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर घेऊ नये, हा त्याचा साधा उद्देश. त्यात एक कलम असं होतं की मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा मिळवला, तर त्यावर कर घेण्याचा हक्क फक्त मॉरिशसला. आणि मॉरिशस अशा नफ्यावर कर घेतच नसे. म्हणजे दोनदा कर टाळायला बसलेले दोन देश एकदाही कर न घेण्यावर सह्या करून उठले! १९८२ साली याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण भारतात परदेशी पैशाला दारच बंद होतं. १९९१ नंतर दार उघडलं. १९९२ साली परदेशी गुंतवणूक संस्थांना शेअरबाजारात परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी मॉरिशसने ऑफशोअर धंद्याचा कायदा केला. दहा वर्षं झोपलेलं कलम जागं झालं.

बारा-तेरा लाख वस्तीचा हा देश. पण २००० सालानंतरच्या दीड दशकात भारतात आलेल्या थेट परदेशी गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश कागदोपत्री मॉरिशसहून आली. पैसा अमेरिकेचा, युरोपचा, आणि काही तर भारतातूनच चोरवाटेने बाहेर गेलेला व फेटा बांधून परत आलेला.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. २००४ साली मी तेव्हाच्या माझ्या फर्मच्या कामासाठी पोर्ट लुईसला गेलो होतो. एका अशिलाच्या कंपनीची संचालक बैठक होती. दोन स्थानिक संचालक, तिथलं बँक खातं, तिथला ऑडिटर आणि बैठकीचं इतिवृत्त, एवढं जमलं की तिथल्या रहिवासाचा दाखला मिळे. इतिवृत्त मी लंडनहून टाइप करूनच नेलं होतं. चर्चा काय होणार ते मला आदल्या आठवड्यात ठाऊक होतं. बैठक चाळीस मिनिटांत आटोपली.

विमानतळावर सोडायला आलेला टॅक्सीवाला निघाला मराठी! पूर्वज रत्नागिरीकडून आलेले, एवढंच त्याला माहीत. मराठी थोडंसंच येत होतं, पण गणपतीची आरती अख्खी पाठ होती. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. वाटेत त्याने मला बंदराजवळचा आप्रवासी घाट दाखवला. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख हिंदुस्थानी मजूर करारावर सही किंवा अंगठा करून त्या बेटावर उतरले, उसाच्या मळ्यांत राबायला. मागे बँकांच्या काचेच्या इमारती दिसत होत्या. त्याने विचारलं, "तुमच्या कंपनीत इथे किती माणसं काम करतात?" मी खरं ते सांगितलं, "एकही नाही." त्याला वाटलं आपल्याला मराठी नीट कळलं नाही. त्याने तोच प्रश्न पुन्हा फ्रेंचमध्ये विचारला.

कायद्याच्या दृष्टीने त्या बैठकीत काहीही चूक नव्हतं, हेही सांगायला हवं. सरकारनेच ते मान्य केलं होतं. १९९४ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून मॉरिशसच्या रहिवाशांना ही सवलत मिळेल असं स्पष्ट केलं. २००० साली मुंबईतल्या आयकर अधिकाऱ्यांनी काही परदेशी संस्थांना, तुम्ही खरोखर मॉरिशसच्या आहात का, अशा नोटिसा पाठवल्या. अण्णांचे जुने सहकारीच ते. बाजार गडगडला, आणि एप्रिल २००० मध्ये मंडळाने घाईघाईने दुसरं परिपत्रक काढलं, मॉरिशसचा रहिवासाचा दाखला असेल तर तो पुरेसा, आणखी चौकशी नको. अण्णा म्हणाले, "आम्हाला डोळ्यावर पट्टी बांधायचा हुकूम आलाय."

त्या परिपत्रकाविरुद्ध आझादी बचाओ आंदोलन आणि खात्यातलेच एक निवृत्त अधिकारी न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली परिपत्रक रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये ते पुन्हा उभं केलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी, मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगाचे तेच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तिसऱ्या देशाच्या माणसाने कराराचा असा फायदा घेणं मुळात बेकायदा नाही. विकसनशील देश परदेशी भांडवल हवं म्हणून काही गोष्टींकडे जाणूनबुजून काणाडोळा करतात, आणि तो निर्णय सरकारचा, न्यायालयाचा नव्हे. मॅकडॉवेलमधल्या चिनप्पा रेड्डींच्या मताचा फार व्यापक अर्थ काढू नये, असंही त्यात होतं. म्हणजे वेस्टमिन्स्टरचा ड्यूक परत गादीवर! माझ्या फर्ममध्ये त्या दिवशी आनंदीआनंद होता. त्या वेळी पेढे मी वाटले.

या पार्श्वभूमीवर व्होडाफोनचा खटला मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला. २००८ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला, मग दिल्लीपर्यंत फेरी, पुन्हा खात्याकडे, पुन्हा मुंबई. ८ सप्टेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांनी खात्याच्या बाजूने निकाल दिला. नुसता केमनचा एक शेअर विकलेला नाही, त्याच्याबरोबर भारतातले हक्क, करार, ब्रँडचं नाव असं बरंच काही हस्तांतरित झालं आहे, तेव्हा भारताला कर घेण्याचा अधिकार पोचतो, असं त्यांनी म्हटलं. मागणी ११ हजार कोटी रुपयांच्या वर होती. अण्णांनी निकालाची प्रिंट काढून आणवली आणि लाल पेन्सिलने खुणा करत वाचली.

सर्वोच्च न्यायालयात व्होडाफोनतर्फे उभे राहिले आपले नागपूरकर हरीश साळवे, जे मुळात चार्टर्ड अकाउंटंट. २० जानेवारी २०१२ रोजी सरन्यायाधीश कापडिया यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. व्यवहाराकडे अखंडपणे बघा, त्याची चिरफाड करू नका. ही उतरंड आयत्या वेळी कर चुकवण्यासाठी उभारलेली नाही, हचिसन १९९४ पासून भारतात धंदा करत होती. आणि अशा आडवाटेच्या हस्तांतरावर कर हवा असेल तर संसदेने तसा कायदा करावा. कंपनीने भरलेले अडीच हजार कोटी चार टक्के व्याजाने परत करा, असा आदेश झाला. कायद्याचा विद्यार्थी म्हणून मला हा निकाल तर्कशुद्ध वाटतो. मतदार म्हणून नाही.

आणि मग दोनच महिन्यांनी, १६ मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात, प्रणव मुखर्जींनी कायदा केला. परदेशी कंपनीच्या शेअरची किंमत मुख्यत्वे भारतातल्या मालमत्तेमुळे असेल तर तो शेअर भारतातच आहे असं समजावं. इथपर्यंत ठीक. पण अंमल कधीपासून? तर १ एप्रिल १९६२ पासून! म्हणजे पन्नास वर्षं मागे जाऊन.

मला वाटलं, आता अण्णा खूष होतील. मी फोन केला तर ते चिडलेले. "पत्त्यांचा डाव संपल्यावर हुकूम बदलतात का? सरकार हरलं, तर हरलं. कायदा उद्यापासून करा आणि मग एक पैसा सोडू नका." मी त्या दिवशी चक्क सरकारची बाजू घेतली. माझं म्हणणं, नैतिकदृष्ट्या तो पैसा भारताचाच होता. आमच्या आयुष्यभराच्या वादात आम्ही दोघांनी जागा बदलल्या असा तो एकच प्रसंग. आज मला वाटतं, बरोबर तेच होते.

कारण पुढे झालं तसंच. व्होडाफोनने नेदरलँड्सबरोबरच्या गुंतवणूक कराराखाली आंतरराष्ट्रीय लवादात दाद मागितली, आणि २५ सप्टेंबर २०२० रोजी निकाल भारताविरुद्ध गेला. डिसेंबरात केर्न एनर्जीच्या अशाच खटल्यात भारताला सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला सांगितलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने पूर्वलक्षी वसुली मागे घेतली, घेतलेली रक्कम बिनव्याजी परत करायची तयारी दाखवली, आणि २८ मे २०१२ नंतरच्या व्यवहारांना मात्र तो नियम ठेवला. उद्यापासून कायदा करा, असं जे अण्णा म्हणत होते, ते दहा वर्षं हात पोळून घेतल्यावर जमलं.

दरम्यान मूळ भोक बुजवायचं काम शांतपणे झालं होतं. १० मे २०१६ रोजी मॉरिशसच्या करारात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरच्या नफ्यावर भारत कर घेणार, पहिली दोन वर्षं निम्म्या दराने, नंतर पुरा. आधी घेतलेले शेअर जुन्याच नियमात. त्याच दिवशी कर टाळण्याविरुद्धचा सर्वसाधारण नियम, ज्याला आम्ही गार म्हणतो, तोही लागू झाला. तो मुळात २०१२ च्याच अर्थसंकल्पातला, पण गुंतवणूकदार घाबरले म्हणून शोम समिती नेमून पुढे ढकललेला. त्याचा गाभा हाच की, व्यवहाराचा मुख्य हेतू कर टाळणं असेल आणि त्यात धंद्याचा जीव नसेल, तर कागद बाजूला सारून बघता येईल. ड्यूकच्या माळ्याने आता काय केलं असतं कोण जाणे.

आपल्या इथेही याच सुमारास वारं फिरलं. २०१२ मध्ये रॉयटर्सने उघड केलं की स्टारबक्सने ब्रिटनमध्ये चौदा वर्षांत तीन अब्ज पौंडांची विक्री करून कंपनी कर भरला तो अवघा ८६ लाख पौंड. मार्गारेट हॉज यांच्या संसदीय समितीने स्टारबक्स, गूगल, ॲमेझॉन यांच्या अधिकाऱ्यांना टीव्हीसमोर धारेवर धरलं. २०१३ मध्ये ब्रिटनचा स्वतःचा गार आला, २०१५ मध्ये बाहेर वळवलेल्या नफ्यावर २५ टक्के कर, आणि २०२१ साली सव्वाशेहून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कराचं तत्त्व मान्य केलं. ब्रिटनमध्ये ते २०२३ च्या अखेरीपासून लागू झालं. माझ्या धंद्यात यामुळे काम कमी झालं असं समजू नका. वाढलंच आहे.

हे शेवटचं पर्व अण्णांनी पाहिलं नाही. ते २०१९ मध्ये गेले. कपाटात त्यांची एक फाईल सापडली, तिच्यावर नुसतं "पेटी" असं लिहिलेलं. आत मुंबई उच्च न्यायालयाचा तो निकाल, लाल खुणांसकट.

गंमत पुढेच आहे. व्होडाफोनचा भारतातला धंदा २०१८ मध्ये आयडियात विलीन झाला आणि कंपनी कर्जात बुडत गेली. सरकारचं देणं, तेही कराचं नव्हे तर स्पेक्ट्रमचं, फेडता येईना, म्हणून त्या बदल्यात सरकारलाच शेअर देण्यात आले, आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा जवळजवळ ४९ टक्क्यांवर पोचला. या वेळी शेअर थेट भारतीय कंपनीचे होते.

९८२० चा तो नंबर आता आई वापरते. बिल दर महिन्याला मी इथून भरतो. त्यात अठरा टक्के जीएसटी असतो.